परसबागेतील हार्डी किवी: लागवड, छाटणी आणि फळधारणा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्डी किवी म्हणजे नेमकी कोणती वेल? बाजारात मिळणाऱ्या किवीशी तिचा काय संबंध?

दोन्ही अ‍ॅक्टिनिडिया या एकाच प्रजातीतील (इंग्रजीत ‘जीनस’) भावंडे आहेत. बाजारात मिळणारी तपकिरी, लव असलेली किवी म्हणजे अ‍ॅक्टिनिडिया डेलिसिओसा. हार्डी किवी म्हणजे प्रामुख्याने अ‍ॅक्टिनिडिया अर्गुटा. जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाचा अतिपूर्वेकडील भाग येथील जंगलांत ही वेल मूळची असून तेथे ती उंच झाडांचा आधार घेत थेट शेंड्यापर्यंत चढते. 1870च्या दशकात ती अमेरिकेत पोहोचली, पण पुढे कित्येक दशके तिची ओळख कमानीवर चढवायची शोभेची वेल एवढीच राहिली. तिच्या फळांकडे बागाइतदारांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

फळ मोठ्या द्राक्षाएवढे असते, साल पातळ आणि गुळगुळीत असते आणि ते सालीसकट खाता येते. पूर्ण पिकलेल्या फळातील साखर नेहमीच्या किवीपेक्षा बहुधा जास्त भरते आणि सुगंधही अधिक असतो. अ‍ॅक्टिनिडिया कोलोमिक्ता ही आणखी एक जवळची जात आहे. तिच्या पानांची टोके पांढरी-गुलाबी होतात, वेल आटोपशीर राहते, फळे लवकर पिकतात आणि ती उणे 40 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसते. रशियन फळसंवर्धक इव्हान मिचुरिन यांनी याच जातीवर काम करून फळांसाठी निवडक वाण तयार केले.

माझ्या हवामानात ही वेल येईल का?

सुप्तावस्थेत असताना अर्गुटाची मुरलेली वेल सुमारे उणे 30 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सहन करते. त्यामुळे कडाक्याच्या हिवाळ्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. खरा धोका वसंत ऋतूत असतो. या वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि कोवळ्या फुटीला उणे 1 ते उणे 2 अंशांचे गोठलेले दवही जाळून टाकते. फूट जळाली तर मागचे राखीव डोळे फुटून वेल जगते, परंतु त्या दुसऱ्या फुटीवर फुले फारच थोडी येतात आणि त्या वर्षीचे पीक जवळजवळ हातचे जाते. म्हणून जागा निवडताना थंड हवा साचून राहणारा खोलगट भाग टाळावा. वसंतात उशिरा तापणारी जागा मिळाली तर ती पसंत करावी, कारण तेथे डोळे थोडे उशिरा फुटतात आणि दवाच्या तडाख्यातून वाचतात.

डोळे फुटल्यापासून फळ पक्व होईपर्यंत गोठलेल्या दवाविना असे सुमारे 150 दिवस अर्गुटाला लागतात. याउलट, जेथे हिवाळा जाणवतच नाही, अशा उष्ण प्रदेशात वेल वाढेल, हिरवीगार दिसेल, पण पुरेशी थंडी न मिळाल्याने डोळे नीट फुटणार नाहीत आणि फुले येणार नाहीत. अशा ठिकाणी केवळ हौसेखातर ही वेल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकच वेल लावली तर फळे येतील का?

बहुतेक वाणांच्या बाबतीत येणार नाहीत. हार्डी किवीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. फळे मादी वेलीवर धरतात, पण त्यासाठी जवळपास, शक्यतो 10 मीटरच्या आत, त्याच काळात फुलणारी नर वेल असावी लागते. एक नर वेल सहा ते आठ मादी वेलींना पुरते. नर निवडताना तो त्याच जातीचा असावा. कोलोमिक्ता अर्गुटाच्या आधी फुलते, तर लव असलेली किवी नंतर. त्यामुळे वेगळ्या जातीच्या नरावर विसंबून राहणे धोक्याचे असते.

‘इसाई’ हा जपानी वाण यास अपवाद आहे. तो स्वफलित असून लहान वयात फळे देतो आणि फार पसरत नाही, म्हणून एकाच वेलीची जागा असलेल्यांना तो सोयीचा पडतो. तथापि थंडीला तो इतर अर्गुटा वाणांइतका काटक नाही, आणि नराची जोड मिळाली तर त्याचीही फळे अधिक व मोठी येतात.

नर आणि मादी वेल ओळखायची कशी?

फुले येईपर्यंत ओळखता येत नाही. पाने, खोड, वाढ यांवरून केलेले अंदाज भरवशाचे नसतात. वेल फुलली की मात्र शंका उरत नाही. मादी फूल उलगडून पाहिल्यास मध्यभागी पांढऱ्या तंतूंचा चक्राकार झुबका दिसतो आणि त्याखाली हिरवा, फुगीर, इवल्याशा फळासारखा अंडाशय असतो. त्याभोवती काळसर परागकोशही असतात, पण त्यांतले पराग वांझ असतात. नर फुलात फक्त काळसर परागकोशांची दाटी असते आणि मध्यभाग रिकामा असतो. याच कारणाने रोप घेताना ते कलमी आणि नाव लावलेले घ्यावे. बियांपासून केलेल्या रोपाचे लिंग कळायला पाच-सहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो, आणि तोपर्यंत त्याने मांडवाची जागा अडवलेली असते.

कोणते वाण निवडावेत?

‘अनानासनाया’ हा मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा, जोमदार आणि सुगंधी मादी वाण आहे. ‘जिनिव्हा’ लवकर पक्व होतो, त्यामुळे जेथे उन्हाळा आखूड असतो तेथे तो कामाला येतो. ‘केन्स रेड’चा गर आणि साल लालसर-जांभळी होते. ‘वाइकी’ हा जर्मनीतील बव्हेरियाचा वाण असून थंडीत टिकाऊ म्हणून तो ओळखला जातो. नवशिक्याने दोन वेगळे मादी वाण आणि एक नर अशी सुरुवात करावी. एक वाण लवकरचा आणि एक उशिराचा घेतला तर काढणीचा काळही लांबतो.

मांडव किती भक्कम हवा? कुंपणावर किंवा जाळीवर वेल सोडली तर चालणार नाही का?

या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हे वाचावे. वेल लावण्याआधी मांडव उभारावा. पुरेशी वाढ झालेली वेल एका हंगामात एकेक काडी तीन ते सहा मीटर वाढवते, आणि पूर्ण वाढलेल्या वेलीवर पाने, ओली लाकडे व फळे मिळून येणारा भार हलक्या जाळीला पेलत नाही. बांबूची कमान, लोखंडी पत्र्याची शोभिवंत चौकट किंवा लाकडी पट्ट्यांची पातळ जाळी पहिली दोन वर्षे छान दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती वाकू लागते, आणि तोपर्यंत वेल तिच्यात अशी गुंतलेली असते की मांडव बदलायचा तर वेल कापावी लागते.

परसबागेसाठी इंग्रजी टी आकाराचा मांडव सर्वांत सोयीचा आहे. जमिनीवर साधारण 1.8 मीटर उंची राहील आणि 60 ते 90 सेंटिमीटर भाग जमिनीत जाईल असे जाड खांब घ्यावेत. डोक्यावर 1.2 ते 1.5 मीटर रुंदीची आडवी फळी घट्ट बसवावी आणि त्या फळीवरून तीन ते पाच जाड, ताण देता येणाऱ्या तारा ओढाव्यात. दोन खांबांमधील अंतर साडेचार ते सहा मीटर पुरेसे होते. दोन्ही टोकांच्या खांबांना बाहेरच्या बाजूने ताण अवश्य द्यावा, कारण तारांचा सगळा ओढा अखेर त्यांच्यावरच येतो. आधीपासून द्राक्षाचा भक्कम मांडव असेल तर तोही चालतो. वेलीला जिवंत झाडावर मात्र कधीही सोडू नये. ती त्या झाडाला झाकोळून टाकते, आणि वर लागलेली फळेही हाती येत नाहीत.

जमीन कशी असावी आणि लागवड कशी करावी?

जमीन भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी युक्त आणि उत्तम निचऱ्याची असावी. सामू (पीएच) 5.5 ते 6.5च्या आसपास असल्यास उत्तम. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात, कारण तेथे वेलीला लोह मिळत नाही. परंतु सामूपेक्षाही निचरा अधिक महत्त्वाचा आहे. या वेलीची मुळे उथळ आणि मांसल असतात, आणि पाण्यात काही दिवस उभी राहिली तरी फायटोफ्थोरा बुरशीमुळे कुजतात. थंडीने मेलेली म्हणून सांगितली जाणारी कित्येक वेली प्रत्यक्षात ओल्या मुळांनी गेलेल्या असतात. जमीन भारी असेल तर 20 ते 30 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यावर लागवड करावी.

दोन वेलींमध्ये तीन ते पाच मीटर अंतर ठेवावे. कुंडीतील रोप वसंतातील दवाचा धोका संपल्यावर लावावे, तर उघड्या मुळांचे रोप सुप्तावस्थेत लावावे. खड्ड्यात रासायनिक खत टाकू नये. कोवळी मुळे त्याने करपतात. रोप कुंडीत जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र ते आच्छादन खोडाला टेकू देऊ नये.

वेलीला वळण कसे द्यावे?

पहिल्या वर्षी सर्वांत जोमदार एकच फूट ठेवून बाकीच्या काढून टाकाव्यात. ती फूट काठीला सैलसर बांधून सरळ वर न्यावी. येथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. वेल स्वतःच काठीभोवती वेटोळे घालू पाहते. तसे होऊ दिले तर पुढे खोड जाड होताना आवळले जाते. म्हणून दर आठवड्याला वेटोळे उलगडून फूट पुन्हा सरळ बांधावी. टोक बारीक होऊन दोरीसारखे पीळ घेऊ लागले की वाढीचा जोर ओसरला असे समजावे आणि जेथे काडी अजून पेन्सिलीएवढी जाड आहे तेथपर्यंत ती छाटावी. खालचा जाड डोळा फुटून नवा, दमदार शेंडा मिळतो.

फूट तारेच्या वर गेली की तारेच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली तिचा शेंडा मारावा. तेथून फुटणाऱ्या दोन फुटी मधल्या तारेवर विरुद्ध दिशांना नेल्या की ते दोन कायमचे ओलांडे होतात. ओलांड्यांवरून निघणाऱ्या काड्या दोन्ही बाजूंच्या तारांवर आडव्या पसरू द्याव्यात. हा सांगाडा पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात. तोवर आलेली थोडीफार फुले खुडून टाकणे वेलीच्या भल्याचे असते.

छाटणी केव्हा आणि किती करावी?

जवळजवळ प्रत्येक जण कमी छाटणी करतो. फुले येतात ती चालू वर्षाच्या नव्या फुटीवर, आणि ती फूट निघते गेल्या वर्षीच्या काडीवरून. जुन्या लाकडावरून थेट निघालेल्या फुटी सहसा पहिल्या वर्षी फुलत नाहीत. हे सूत्र लक्षात ठेवले की काय कापायचे आणि काय राखायचे हे वेलीसमोर उभे राहिल्यावर आपोआप समजू लागते.

हिवाळी छाटणी वेल पूर्ण सुप्त असताना, डोळे फुगण्याच्या कित्येक आठवडे आधी उरकावी. उशीर झाला तर कापलेल्या जागेतून रस गळू लागतो. एकदा फळे देऊन झालेल्या काड्या काढाव्यात, गेल्या हंगामातील नव्या, उन्हात पक्व झालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि जवळजवळ डोळे असलेल्या काड्या राखाव्यात, आणि त्या ओलांड्यावर 20 ते 30 सेंटिमीटर अंतराने राहतील अशी विरळणी करावी. राखलेली काडी साधारण आठ ते बारा डोळ्यांवर आखूड करावी. हे सर्व केल्यावर गेल्या वर्षीच्या वाढीपैकी जवळपास 70 टक्के लाकूड खाली पडलेले दिसेल. ते पाहून घाबरून जाऊ नये. तेवढे कापले नाही तर मांडवाच्या आत ऊन पोहोचत नाही, आतले डोळे वांझ होतात आणि फळे दरवर्षी बाहेर, उंच सरकत जातात.

उन्हाळ्यात दोन-तीन वेळा हलकी छाटणी करावी लागते. शेवटच्या फुलानंतर चार ते सहा पाने सोडून फुटीचा शेंडा खुडावा, खोडावरचे व बुंध्याजवळचे फुटवे काढावेत आणि एकमेकींना पीळ घालणाऱ्या काड्या सोडवाव्यात किंवा कापाव्यात. नर वेल फुलोरा संपताच जोरात छाटावी. तिच्याकडून फळे घ्यायची नसल्याने एवढ्या छाटणीने काहीही बिघडत नाही आणि मादीसाठी जागा मोकळी होते.

पाणी आणि खत किती द्यावे?

पाने मोठी, मुळे उथळ, त्यामुळे उन्हाळ्यात ही वेल पाण्याला हपापलेली असते. पानांच्या कडा करपून तपकिरी होणे हे पाण्याच्या ताणाचे पहिले लक्षण आहे. ठिबकने वरचेवर आणि मोजके पाणी देणे उत्तम. ओलावा सतत असावा, चिखल कधीही नसावा. पहिल्या वर्षी खत अगदी हात राखून द्यावे. पुढे वसंताच्या सुरुवातीला चांगले कुजलेले कंपोस्ट आणि थोडे संतुलित खत बुंध्यापासून दूर, गोलाकार पसरावे. उन्हाळा सरता सरता नत्र देऊ नये. त्याने उशिरा कोवळी फूट येते, ती हिवाळ्यापूर्वी पक्व होत नाही आणि पहिल्याच कडक थंडीत मरते.

तरुण वेलीचे हिवाळ्यात रक्षण करावे लागते का?

पहिली दोन-तीन वर्षे खोडाला गुंडाळण करावे. हिवाळ्यात दिवसा उन्हाने तापलेले खोड रात्री एकदम गोठले की उभे चिरते. जाड खोड झाल्यावर ही चिंता बरीच कमी होते.

वेल फुलते, पण फळे का धरत नाहीत?

सर्वप्रथम नर वेल खरोखर नर आहे का, आणि ती मादीबरोबरच फुलते का, हे वर सांगितल्याप्रमाणे फुले उलगडून पाहावे. दोन्ही ठीक असतील तर परागीभवनाकडे वळावे. या फुलांत मध नसतो, केवळ पराग असतात, म्हणून आसपास दुसरे काही मधाचे फुललेले असले की मधमाश्या तिकडे जातात. काही थोड्या वेली असतील तर हाताने परागीभवन करणे मुळीच अवघड नाही. सकाळी नुकतेच उमललेले, पराग सुटू लागलेले नर फूल तोडावे आणि मादी फुलाच्या पांढऱ्या झुबक्यावर हलकेच फिरवावे. एका नर फुलात चार-पाच मादी फुलांचे काम होते. फळाचा आकार बियांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यामुळे परागीभवन चांगले झाले की फळेही मोठी होतात.

वेल फुलतच नसेल तर कारणे वेगळी असतात: वय लहान असणे, वसंतातील दवाने फूट जळणे, जास्त नत्राने नुसतीच वाढ होणे, दाट सावली, किंवा छाटणीत फळकाड्याच कापल्या जाणे. कलमी वेलीला पहिली फळे साधारण तीन ते पाच वर्षांनी येतात आणि भरघोस उत्पादन सात-आठ वर्षांनी मिळू लागते.

रोग-किडींचा त्रास किती होतो?

इतर फळझाडांच्या मानाने थोडाच. मूळकूज हा सर्वांत घातक रोग आहे आणि त्यावर निचरा हाच उपाय आहे. हलक्या वाळूच्या जमिनीत सूत्रकृमींमुळे मुळांवर गाठी येऊ शकतात. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आणि काही ठिकाणी पाने खाणारे भुंगेरे दिसतात. हरणांपासून कोवळी वेल जपावी. मांजरांपासूनही जपावी, हे अनेकांना खरे वाटत नाही, पण या प्रजातीतील वेलींचा वास मांजरांना वेडावतो. ती बुंध्यावर अंग घासतात, साल ओरबाडतात आणि लहान रोप मुळासकट उकरतातही. पहिली दोन वर्षे बुंध्याभोवती तारेच्या जाळीचे नळकांडे बसवावे.

ही वेल बागेबाहेर पसरून उपद्रवी होऊ शकते का?

होऊ शकते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जुन्या बागांतून सुटलेल्या हार्डी किवीने काही ठिकाणी जंगलातील झाडे झाकून टाकली आहेत. जंगलालगत बाग असेल तर स्थानिक नियम आधी पाहावेत, जमिनीला टेकणाऱ्या काड्या कापाव्यात आणि सगळी फळे वेळेवर काढावीत, कारण पक्षी व प्राणी बिया दूरवर नेतात.

फळे केव्हा काढावीत आणि कशी पिकवावीत?

बहुतेक वाणांचे फळ बाहेरून शेवटपर्यंत हिरवेच राहते, म्हणून रंगावर जाऊ नये. एक फळ आडवे कापून पाहावे. बिया पूर्ण काळ्या झालेल्या असाव्यात. रिफ्रॅक्टोमीटर (रसातील साखर मोजण्याचे उपकरण) असल्यास साखर किमान 6.5 ते 8 ब्रिक्स (साखर मोजण्याचे एकक) भरली की फळे टणक असतानाच काढता येतात. नसल्यास चार-पाच फळे घरात ठेवून पाहावीत. ती काही दिवसांत मऊ आणि गोड झाली तर काढणी सुरू करावी. सुरकुतली किंवा आंबट राहिली तर आणखी आठवडाभर थांबावे. वेलीवरच मऊ होऊ दिलेली फळे चवीला अप्रतिम लागतात, पण ती एकाच वेळी पिकत नाहीत आणि चटकन गळतात. चांगली निगा राखलेली, पूर्ण वाढलेली मादी वेल 20 ते 45 किलोपर्यंत फळे देऊ शकते. एवढी फळे एकदम मऊ झाली तर कोणत्याही कुटुंबाला संपत नाहीत.

टणक फळे 0 ते 1 अंश सेल्सिअस तापमानात, ओलावा टिकेल अशा सच्छिद्र पिशवीत ठेवली तर एक ते दोन महिने राहतात. लागतील तेवढीच बाहेर काढून सफरचंद किंवा केळ्यासोबत ठेवावीत, म्हणजे त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलिन वायूमुळे ती लवकर मऊ होतात.

फळे खाताना किंवा वापरताना काही काळजी घ्यावी का?

या फळात अ‍ॅक्टिनिडिन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. त्यामुळे कच्ची फोड दुधात किंवा दह्यात घालून ठेवली की थोड्या वेळाने ते कडवट लागते, आणि जिलेटिनचा पदार्थ घट्ट होत नाही. फळ आधी शिजवून घेतले की ही अडचण येत नाही. दूध-दह्यासोबत ताजेच खायचे असेल तर फोडी अगदी वाढताना मिसळाव्यात. ज्यांना किवीची किंवा रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी हे फळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. बाकीच्यांनीही पहिल्यांदा एक-दोन फळे खाऊन पाहावीत. जास्त खाल्ल्यास ओठ आणि जीभ चुरचुरते, आणि ती चुरचुर अर्धवट पिकलेल्या फळांत अधिक जाणवते.